थोरलीची न मोजलेली पावलं

हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखाना होता आणि धुलाईखान्यात थोरली होती. यातलं आधी कोण आलं, हे नव्या लोकांना सांगता यायचं नाही. सत्तावीस वर्षं तिनं तिथे चादरींच्या घड्या घातल्या. तिचं कागदावरचं नाव पगाराच्या यादीत होतं, ते बिचारं तिथेच पडून राहिलं. वरच्या नर्सपासून खालच्या पंपवाल्यापर्यंत सगळे तिला थोरलीच म्हणत. चादरीचं दुसरं टोक धरायची ती धाकटी. दोघी बहिणी नव्हत्या, लांबच्या नात्यातल्याही नव्हत्या. पण हॉस्पिटलची चादर एकटीच्या हाताला ऐकत नाही, जमिनीवर लोळण घेते. म्हणून एकीनं इकडचं टोक धरायचं, दुसरीनं तिकडचं, झटका द्यायचा, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, परत मागे जायचं. धाकटी म्हणायची, "माझ्या नवऱ्याचं तोंड मी एवढं बघितलं नाही, जेवढं तुझं बघितलं. आणि दोघांत तूच बरी."

तळघरात काम करणारी सगळी थोरली-धाकटीच्या मुलखातलीच माणसं. या शहरात येऊन कुणाला वीस वर्षं झालेली, कुणाला चाळीस, तरी वरच्या मजल्यांवर ती अजून 'बाहेरून आलेली'च होती. त्यांची घरची बोली वेगळी, शहराची वेगळी. शहराची बोली सगळ्यांना कामापुरती यायची, पण ती वाचायची म्हटलं की डोळ्यांसमोर मुंग्या. तसं वाचायचं अडायचंही नाही. निळ्या किनारीची चादर ऑपरेशनला, हिरवी वॉर्डाला, पिवळी बाळंतिणींना. केशरी बिल्ला लावला की काम झालं, माल वर न्या. रंग दिसला की हात आपसूक त्या ट्रॉलीकडे जायचा, डोक्याला त्रासच नाही.

थोरलीला त्रास होता तो गुडघ्याचा. उजवा गुडघा असा कुरकुरायचा की जिन्यावर माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा. कामावर तिला ट्रॉलीचा आधार होता. दोन्ही हातांनी दांडा धरायचा, अंगाचा भार तिच्यावर टाकायचा आणि रेटत न्यायचं. पण घरी आणि रस्त्यावर ट्रॉली कुठून आणायची? आणि तिच्या लेकीनं नेमकं घर घेतलं ते चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. लेक तिथे राहायला गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. तिथेच तिला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, आणि थोरलीनं अजून त्या घराचा उंबरठा पाहिला नव्हता. दर रविवारी लेक नातीला खाली घेऊन यायची आणि आजी-नातीची भेट इमारतीच्या दारातल्या बाकावर व्हायची. "कैद्याला भेटायला येतात तशी येते गं मी," थोरली म्हणायची आणि हसायची. पण परत जाताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसायची.

मोठ्या डॉक्टरांनी गुडघा बघितला, फोटो बघितला आणि सांगितलं, "गुडघा बदलून देतो. पण आधी आठ किलो उतरवा. चौऱ्याण्णवाचे शहाऐंशी करा. सहा महिने देतो."

त्यासाठी हॉस्पिटलनं एक नवीन सोय काढली होती. मनगटाला एक पट्टा बांधायचा, तो पावलं मोजणार. फोनमध्ये रोज काय खाल्लं ते नोंदवायचं, फोन सल्ला देणार. महिन्याला एकदा वर जाऊन वजन करायचं. नीट वागाल तर ऑपरेशनच्या यादीत तुमची जागा पक्की. फोनला तुम्ही आळशी दिसलात तर जागा पुढच्या माणसाला. थोरली लहानपणी दुसरीपर्यंत शिकली होती, आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं पुन्हा नाव घातलं. "वजनाची शाळा," ती म्हणायची. "मास्तर खिशात राहतो एवढाच फरक."

मास्तरचं बोलणं वाचून दाखवायचं काम तिच्या नवऱ्याकडे आलं. तो शिंपी होता. गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्याला शहराची अक्षरं यायची. आता हात थरथरतो म्हणून त्यानं मशीन बंद केलं होतं, पण तोंडाचं मशीन चालू होतं. संध्याकाळी चष्मा लावून तो फोन हातभर लांब धरायचा आणि बातम्या दिल्यासारखा वाचायचा.

"ऐक हं. 'आज अर्धा तास पोहून पाहा.'"

"कुठे? धुण्याच्या हौदात?"

"'जिना चढणे हा उत्तम व्यायाम आहे.'"

"त्याला म्हणावं, चढता आला असता तर तुझ्याकडे आले असते का!"

खाण्याची नोंद मात्र थोरली स्वतः करायची, कारण तिथे चित्रं होती. चित्रं शेकड्यानं होती, पण तिच्या चुलीवरचं त्यात काही नव्हतं. भात सापडला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. बाकी सगळं अनोळखी. मग तिनं आयुष्यभर केलं तेच केलं. रंगाला रंग जुळवला. डाळ पिवळी, तर चित्रांतलं सगळ्यांत पिवळं कोणतं, त्यावर बोट. पालेभाजी हिरवी, तर त्यातलं हिरवंगार चकचकीत काही दिसलं, त्यावर बोट. काळ्या कडधान्याला एक काळसर चौकोनी वडी बरोबर जुळली. नोंद झाली की फोनवर केशरी गोल यायचा. केशरी म्हणजे काम झालं, माल वर न्या. थोरली खूश.

पण मास्तर खूश होईना. नवरा रोज वाचायचा, "'गोड कमी करा.' 'आजही गोड फार झाले.' 'आपण उद्यापासून गोड सोडू या का?'"

"काय मेलं पाठीस लागलंय माझ्या!" थोरली म्हणाली. तिच्या खाण्यात गोड म्हणजे चहातली साखर. दोन चमचे घालायची, ती एकावर आली. मास्तर ऐकेना. अर्ध्यावर आली. तरी बोलणी चालूच. शेवटी तिनं साखरेचा डबाच उचलून फळीच्या वर, हात पुरणार नाही असा ठेवला.

"अगं, पण वजन तुझं करायचंय. माझी साखर का गेली?" नवरा म्हणाला.

"तुम्ही वाचून दाखवता ना? मग तुम्हीपण शाळेत."

आणखी एक गोष्ट तिनं सोडली, ती फोननं सांगितली नव्हती. भांडी घासायच्या आधी पातेल्यात उरलेलं पोटात टाकायची तिची तीस वर्षांची सवय होती. टाकवत नाही म्हणून खायचं, भूक असो नसो. आता तिनं मोजूनच शिजवायला घेतलं. पहिले आठ दिवस नवऱ्याला वाटलं, घरात काही बिनसलंय.

दोन महिन्यांत साडेतीन किलो उतरलं. थोरली ट्रॉली रेटता रेटता गुणगुणायला लागली. आणि त्याच आठवड्यात वरून निरोप आला, आहारताईंनी बोलावलंय.

आहारताई म्हणजे त्या वजनाच्या शाळेची शिकलेली मुलगी. तिशीची असेल, शहरातलीच, मनानं वाईट नव्हती. पण तळघरातल्या माणसांशी ती मोठ्यानं आणि तोडून तोडून बोलायची, जसं काही सगळे बहिरेच.

"बाई. रोज. केक. खाता?"

थोरली बघतच राहिली. "केक? मी?"

"दोन महिने. रोज. दोन वेळा. दुपारी केक, रात्री केक. सोबत हिरवी जेली. आणि मंगळवारी, शुक्रवारी चॉकलेट."

"अगं बाई! एवढी चैन झाली आणि मला पत्ताच नाही?"

आहारताईंनी फोन पुढे केला. थोरलीनं ओळखीच्या पिवळ्यावर बोट ठेवलं. "हे होय! ही आमची डाळ."

"ही डाळ नाही. केक आहे."

"ते दिसतंय हो आता, तुम्ही सांगितल्यावर. पण डाळ पिवळी असते आणि तुमच्या चित्रांत पिवळं एवढंच आहे. मग डाळीनं जावं कुठे?"

आहारताईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. आता त्या जरा हळू बोलायला लागल्या. "बरं, ते राहू द्या. पण पावलं? दिवसाला सहाशे. म्हणजे तुम्ही दिवसभर बसूनच असता."

आता मात्र थोरलीचं हसू मावळलं. "बसून? ताई, आमच्याकडे खुर्ची एकच आहे, ती पण मुकादमाची."

"मी सांगते ते ऐका. यादी मशीन करतं. दोन महिने कमी पावलं आणि जास्त गोड दिसलं की नाव खाली जातं. शुक्रवारी तुमचं नाव यादीतून निघणार. गुडघ्याची जागा दुसऱ्याला मिळणार. माझ्या हातात फक्त बटण आहे."

"आणि वजन उतरलं त्याचं काय?"

"मशीन म्हणतं, केक खाऊन आणि बसून वजन उतरत नाही. वजन घेताना काहीतरी चुकलं असेल."

थोरलीला वाटलं, खाली बसावं आणि रडावं. चौथा मजला आणखी वर गेला. पण रडण्याआधी तिला राग आला आणि राग आला ते बरंच झालं. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही कधी तळघरात आला आहात?"

"नाही. का?"

"उद्या या. सकाळपाळी. तो पट्टा तुमच्याही हातात आहे ना? तो घालूनच या. चालणं माझं नका मोजू. तुमचंच मोजा."

खाली येऊन तिनं धाकटीला सांगितलं तेव्हा धाकटीनं कपाळावर हात मारला. "अगं, एवढ्यासाठी वर भांडून आलीस? पट्टा दे इकडे. वाळवायच्या मशीनमध्ये टाकू. तासाभरात चाळीस हजार पावलं!"

"आणि ताई विचारतील, बाई, तुम्ही सकाळच्या चहाआधी कुठल्या देशात जाऊन आलात?"

"सांगायचं, केक आणायला गेले होते!"

दोघी चादरीत तोंड खुपसून इतक्या हसल्या की मुकादम खुर्चीवरून उठला, जे वर्षातून दोनदाच व्हायचं. पण पट्टा मशीनमध्ये गेला नाही. थोरली म्हणाली, "मी चालतेय ते खरं चालतेय. खोटं कशाला घालू त्यात?"

दुसऱ्या दिवशी आहारताई खरंच आल्या. वरचं माणूस तळघरात याआधी एकदाच आलं होतं, पाइप फुटला तेव्हा. वाफेनं त्यांचा चष्मा पांढरा झाला. कुणी त्यांना खुर्ची दिली नाही, कारण ती मुकादमाची होती. धाकटीनं त्यांच्या हातात चादरीचं टोक दिलं आणि म्हणाली, "झटका द्या. जोरात! नवऱ्यावर राग काढताय असं समजा."

"माझं लग्न नाही झालं."

"मग साहेबावर काढा."

पहिला झटका बसला तो आहारताईंनाच, चादरीनं त्यांना दोन पावलं ओढत नेलं. दहाव्या चादरीला जमायला लागलं. मग ट्रॉली. वॉर्डाच्या लिफ्टपासून इस्त्रीच्या रोलरपर्यंत किती पावलं ते त्यांनी स्वतः मोजलं, नव्वद निघाली. भरलेली ट्रॉली न्यायची, रिकामी आणायची. दर फेरीला धाकटी भिंतीवर खडूची रेघ मारायची आणि ओरडून सांगायची, "सात! ताई, सातातच दमलात? अजून चहाची सुट्टी नाही झाली!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंतीवर सव्वीस रेघा झाल्या. आहारताई एका उलट्या टोपलीवर टेकल्या, केस गालाला चिकटलेले, आणि त्यांनी मनगट वर केलं. पट्ट्यावर आकडा होता तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"हे कसं शक्य आहे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. दोन्ही मुठी अजून दांडा धरल्यासारख्या वळलेल्या होत्या. "हात हलतच नाही. पट्टा हाताचं हलणं मोजतो. ट्रॉली धरली की हात जागचे जागी, पाय चालतात ते त्याला कळतच नाही."

"बघा," थोरली म्हणाली. "मी सकाळपासून नाही, सत्तावीस वर्षं जागचे जागी चालतेय."

आहारताई हसल्या आणि हसता हसता उठल्या. त्या दुपारी जेवायच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही, तशाच वर गेल्या. शुक्रवारी यादीतून तेवीस नावं काढायची होती. त्यांनी एकेक नाव बघितलं. धुलाईखाना, भटारखाना, फरशी पुसणारे, रुग्णांच्या खुर्च्या ढकलणारे. तेवीसातले एकोणीस जण थोरलीच्याच मुलखातले, बाहेरून आलेले. हात कशात तरी अडकलेले आणि जेवणाला चित्र नसलेले एकोणीस जण. वरच्या मजल्यावरच्या, टेबलाशी बसणाऱ्या आणि संध्याकाळी बागेत हात हलवत फिरायला जाणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यात नव्हतं.

साहेबांकडे त्यांचं काय बोलणं झालं, ते बंद दाराआड झालं. पण दाराबाहेरची शिपाईण धाकटीच्या ओळखीची होती, म्हणून तळघरात ते शब्दाला शब्द कळलं. साहेब म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत." आहारताई म्हणाल्या, "खोटं बोलत नाहीत सर, आंधळे आहेत. चला खाली, मी तुमच्या हातात ट्रॉली देते." साहेब गेले नाहीत, पण त्यांनी बटणही दाबू दिलं नाही. ठरलं असं की ज्यांचे हात कामात अडकलेले असतात त्यांचा पट्टा धरायचा नाही. वजनकाटा बघायचा आणि फेऱ्या खडूनं मोजायच्या.

आणि चित्रांचं काय? त्यासाठी आहारताई पुढच्या सोमवारी पुन्हा खाली आल्या, हातात फोन. "मावशी," त्या म्हणाल्या, आणि हे मावशी पहिल्यांदाच होतं, आणि हळू आवाजात होतं, "सगळ्यांनी आपापले डबे उघडा. मी फोटो काढते. तुम्ही नाव सांगायचं, काय काय घातलंय ते सांगायचं. ते फोनमध्ये जाईल."

झालं! सोमवारी डबे साधे होते. मंगळवारी बघावं तर जो तो ठेवणीतली वाटी घेऊन आलेला. भटारखान्यातल्या एकीनं तर वर कोथिंबीर पेरून आणली. डाळीवरून जुंपली ती वेगळीच.

"ही डाळ? हे पाणी आहे पाणी! हिचा फोटो गेला तर लोक म्हणतील, यांच्यात डाळ अशीच करतात."

"तुझी तर एवढी घट्ट की चमचा उभा राहतो. फोन फुटेल."

"ताई, माझ्या वाटीचा जरा बाजूनं काढा, त्या बाजूनं करपलंय."

शेवटी थोरलीची डाळ गेली. आहारताईंनी चार वाट्या चाखल्या आणि तिचीच नेमकी पातळ-घट्ट निघाली. धाकटी दोन दिवस बोलली नाही. म्हणजे घड्या घातल्या, पण न बोलता, आणि झटका जरा जास्तच जोरात दिला. तिसऱ्या दिवशी तिच्या भाजीचा फोटो गेला आणि चादरीच्या दोन टोकांना पुन्हा जीभ फुटली.

मास्तरलाही त्यानंतर शहाणपण आलं. गोडावरून बोलणं थांबलं. थोरलीच्या नवऱ्यानं लगेच अर्ज केला, "मग आता साखरेचा डबा खाली घ्यायचा ना?" थोरलीनं फक्त त्याच्या पोटाकडे बघितलं. डबा वरच राहिला. आता फोन सांगायचा, भात अर्धी वाटी कमी, भाजी एक वाटी जास्त. हे तिच्या घरातलं बोलणं होतं, म्हणून तिला ते पटायचं. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायाम आहारताईंनी शिकवला. तो ती बसमध्येही करायची आणि पुढच्या सीटवरच्या लोकांची माफी मागायची. पोहायला जा हे मात्र मास्तरनं शेवटपर्यंत सोडलं नाही.

सहावा महिना संपत आला. वजनाच्या दिवशी थोरली वर गेली तेव्हा सोबत धाकटी, नवरा आणि जेवणाच्या सुट्टीतले सातआठ जण, वरातच जणू. ती काट्यावर उभी राहिली. शहाऐंशी पूर्णांक सहा.

सहाशे ग्रॅम जास्तच. मोठे डॉक्टर समोर उभे.

"थांबा!" धाकटी पुढे आली. "चपला काढ. चष्मा दे इकडे. कानातलं काढ. ओढणी दे. अंबाड्यात किती काटे आहेत गं?"

"अकरा."

"काढ सगळे!"

केस पाठीवर मोकळे, पाय उघडे, डोळे बारीक करून थोरली परत काट्यावर चढली. शहाऐंशी पूर्णांक दोन.

"दात कवळीचे आहेत का?" धाकटीनं विचारलं.

"खरे आहेत मेले!"

मोठे डॉक्टर एवढे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पुरे, पुरे, मावशी. दोनशे ग्रॅमसाठी मी दात नाही काढायला लावत. या महिन्याच्या अखेरीला या. गुडघा करून टाकू." थोरलीनं त्यांचा हात धरला. मग तिनं आजूबाजूला बघितलं आणि म्हणाली, "माझा चष्मा कुणाकडे आहे?" त्या एकोणीसांतल्या बाकीच्यांतही चौदा जणांची वजनं हवी तिथे आली. भटारखान्यातल्या माणसाच्या पाठीचं ऑपरेशन तिच्याआधी चार दिवस झालं.

गुडघा झाला. पुढचे तीन महिने थोरलीनं व्यायाम घेणाऱ्या बाईंना इतक्या शिव्या दिल्या की त्या बाई थोरलीची बोली शिकल्या. पण आधी काठी आली, मग काठी हातात नुसती शोभेला उरली, आणि एका रविवारी सकाळी अकराला थोरली लेकीच्या इमारतीत शिरली आणि न थांबता जिन्याकडे वळली.

पहिला मजला तिनं तोंड मिटून चढला. दुसऱ्यावर एका अनोळखी बाईंनी दार उघडून विचारलं, "कुणाकडे?" थोरली म्हणाली, "माझ्या लेकीकडे, चौथ्यावर," आणि ते अशा थाटात म्हणाली की त्या बाईंनी तिला पाणी आणून दिलं. तिसऱ्या मजल्यावर मागून येणाऱ्या नवऱ्याला धाप लागली आणि तो पायरीवर बसला. "तू पुढे हो," तो म्हणाला. "माझे गुडघे जुनेच आहेत."

चौथ्या मजल्यावर दार उघडंच होतं. लेक दारात उभी होती, पदराच्या टोकानं डोळे पुसत. आईनं आत पाऊल टाकलं तशी ती गळ्यात पडली आणि हुंदके देत म्हणाली, "तीन वर्षं वाट बघितली गं आई मी, तीन वर्षं!"

थोरलीनंही डोळे पुसले, नातीला कडेवर घेतलं आणि घर बघायला सुरुवात केली. तीन वर्षांचं राहिलेलं बघणं होतं, ते एका दमात कसं उरकणार? स्वयंपाकघरातल्या फळ्या उंच लावल्यात. पातेली झाकणांवाचून ठेवलीत. खिडकीला जाळी नाही, पोर केवढं, मजला केवढा! जावयाच्या सदऱ्याला इस्त्री आहे की गाढवानं चावलाय? कपाट कुठे आहे? उघड बघू. हे काय, हे काय, ही घडी म्हणायची? चल, धर ते टोक.

चार वाजेपर्यंत लेकीनं सगळ्या चादरींच्या घड्या दोनदा उलगडून घातल्या होत्या, फळ्यांवरची भांडी खाली आली होती आणि जावई काहीतरी आणायला म्हणून जो बाहेर गेला होता तो परतला नव्हता. लेकीनं कपाळावरचा घाम पुसला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "आई, तुला उशीर नाही ना होत? जाणार कधी तू?"

थोरली खुर्चीत ऐसपैस बसली, नवा गुडघा लांब केला आणि म्हणाली, "आठ दिवस तरी नाही बाई. चार मजले चढून आलेय."